तीन तोरण्यांवर उभा पाइप

मी जिन्याच्या मधल्या वळणावर होतो आणि गच्चीवरनं आरोळी आली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" पाठोपाठ सात-आठ जणांनी एकदम साथ दिली. रविवारची सकाळ, साडेआठ वाजलेले, शाहूपुरीतलं दुमजली घर. माझं काम खरं सोमवारी होतं. मी आपला एक दिवस आधी केबलचं भेंडोळं ठेवून जावं म्हणून आलतो. गच्चीवर ही यात्रा कसली भरली म्हणून मी उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत चढलो.

दारातनं बाहेर बघितलं आणि खांद्यावरचं भेंडोळं कधी खाली पडलं ते मला कळलं नाही.

तीस फुटी लोखंडी पाइप गच्चीवर उभा होता. खाली बेस नाही, क्लॅम्प नाही, कशाला बांधलेला नाही. एक धिप्पाड गडी पाइपचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात घेऊन पाय फाकवून उभा होता आणि तिघंजण तीन दिशांना दोर धरून मागं रेलले होते. बाकीचे तिघं-चौघं माना वर करून बघत होते. पाइप कठड्यापासून तीन फूट आत. कठड्याबाहेर दहा फुटांवर, रस्त्याच्या कडेनं, अकरा केव्हीची लाइन.

अकरा केव्ही म्हणजे अकरा हजार व्होल्ट. आपल्या घरातल्या स्विचला दोनशे तीस असतात, त्यानंसुद्धा माणूस मरतो. ह्या तारांना वरनं प्लॅस्टिक-बिस्टिक काही नसतं, उघड्या असतात. त्यांना चिकटायचीही गरज नाही. लोखंड अगदी जवळ गेलं की वीज स्वतःच उडी मारते.

मी एकतीस वर्षं सरकारी दूरसंचार खात्यात काढली, त्यातली बरीचशी टॉवरवर. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा अँटेना बसवायची बारीकसारीक कामं घेतो. मला राग लवकर येतो. बायको म्हणते, तुम्ही सगळ्या गावाला अर्थिंग करून देता, तेवढं एकदा तुमच्या तोंडाला करून घ्या. तर असला मी माणूस, आणि त्या क्षणी नुसती दाराची चौकट धरून उभा राहिलो. एकदा नोकरीत पाइप लाइनला लागलेला मी बघितलाय. त्याबद्दल मी कुणाला सांगत नाही, इथंही सांगणार नाही.

हा पाइप कुणासाठी, ते आधी सांगतो.

घर महेशचं. त्याचं मशिनरी स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यानं आपल्या वडलांना मुरगुडाहून इथं आणलं. वडलांना सगळे अण्णा म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. मुरगुडात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, त्याआधी बायको गेली, मग मुलगा काय करणार, घेऊन आला. कपडे, औषधं, देवाचं लिंग आणि एक रेडिओ सेट, एवढंच अण्णांनी बरोबर घेतलं.

हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे. अण्णा हॅम आहेत. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन, घरातल्या सेटवरनं दुसऱ्या हॅमशी बोलणारा माणूस. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. इथल्या तारेवरनं निघालेला आवाज वर आभाळातल्या एका थरावर आपटून खाली येतो आणि तिकडं शेकडो मैलांवर कुणाच्या तरी तारेवर उतरतो. पॉवर किती, तर जुन्या पिवळ्या बल्बएवढी. मी आयुष्यभर हेच काम केलं, पण ह्या गोष्टीचं नवल काही माझं संपलेलं नाही.

पहिल्यांदा मी गेलतो तेव्हा अण्णा खिडकीपाशी सेटसमोर बसले होते. सेट बंद. बोटं मात्र बटणांवरनं फिरत होती.

"बसा तम्मा," ते म्हणाले. सीमेकडची कानडी वळणाची माणसं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी त्रेसष्ट वर्षांचा तम्मा गप बसलो.

"काय पाहिजे अण्णा?"

"रोज सकाळी सातला आमचं नेट असतं. म्हणजे सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, हवेवर. एकजण हजेरी घेतो. कारवारचे एक हायत, बंदरावर होते, आता रिटायर. ते घेत्यात. बावीस वर्षं झाली, मी एक दिस चुकलो न्हाय. बायको गेली त्या दिवशीबी सांगितलं, आज येत न्हाय म्हणून. आता तीन महिने झाले. अँटेना मुरगुडात राहिली. सेट म्हणजे नुसता डबा झालाय."

"मग त्यांना एक फोन करायचा की."

"फोन नंबर कुणाकडं हाय? आमची वळख आवाजाची. तोंड बघितलेलं न्हाय एकमेकांचं." मग थांबून म्हणाले, "आणि नंबर मिळाला तरी काय सांगू? हॅलो, मी अजून मेलो न्हाय, असं?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"आमच्यात माणूस गप झाला की लोक थोडे दिस वाट बघतात," ते म्हणाले. "मग हजेरीतनं नाव काढत्यात. त्यांचीबी चूक न्हाय. बघा तम्मा, माझं नाव कटायच्या आत काय जमतंय का."

मी गच्ची मोजली. आमच्या धंद्यात एकच मोठा नियम. पोल उभा कुठं करायचा हे नंतर बघा, तो पडला तर कुठं पडेल ते आधी बघा. पोल जेवढा उंच, त्याच्या दीडपट तरी लाइन लांब पाहिजे. तीस फुटी पोल म्हणजे लाइन पंचेचाळीस फूट लांब. अण्णांची खोली रस्त्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, गच्चीच्या बरोब्बर खाली. तिथं वर पोल लावायचा तर लाइन तेरा फुटांवर. नावच नको. पण गच्ची लांब होती. मागच्या कोपऱ्यात, जिन्याच्या खोलीपलीकडं, लाइन बावन्न फुटांवर जात होती. मागं मोकळं परडं, तारा ताणायलाही जागा. फक्त मुरगुडाहून जुन्या पाइपबरोबर येणारी केबल तिथपर्यंत पुरणार नव्हती. मी महेशला म्हटलं, "पाइप मागवून ठेव. हात लावू नको. सोमवारी मी लांब केबल घेऊन येतो, मागच्या कोपऱ्यात उभा करू." तो व्हय म्हणाला.

आता हे पुढचं कोल्हापुरातच घडू शकतं.

पाइप घेऊन मुरगुडाहून टेम्पो आला तो शनिवारी संध्याकाळी, आणि टेम्पोत अण्णांचा पुतण्या दुंडाप्पा आणि त्याचे सात साथीदार. ही सगळी सासनकाठीची मंडळी. ज्यांनी जोतिबाची चैत्री यात्रा बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सासनकाठी म्हणजे देवाची उंचच्या उंच वेळूची काठी. चाळीस फूट, पन्नास फूट. एकजण बुंधा पेलतो, बाकीचे चारी बाजूंनी दोर धरतात. त्या दोरांना तोरण्या म्हणतात. तशी उभीच्या उभी काठी गर्दीतनं डोंगरावर नेतात आणि देवापुढं नाचवतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराकडं असतं. यात्रा होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. त्यांच्या दोरांना अजून गुलाल होता.

असल्या माणसांनी रात्रभर मुक्काम केला, सकाळी उठले, गच्चीवर आडवा पडलेला तीस फुटी पाइप बघितला. महेश त्यांच्यासाठी मिसळ आणायला बाहेर गेला. अण्णा खाली म्हणाले असतील, उद्या टॉवरवाला येणार हाय. दुंडाप्पा म्हणाला असेल, तीस फुटाला टॉवरवाला कशाला, अण्णा? आम्ही काय मेलोय का? आणि जुनी केबल जिथवर पुरत होती तिथंच, म्हणजे अण्णांच्या डोक्यावर, रस्त्याच्या बाजूला त्यांनी पाइप उचलला.

काठी पेलण्यात त्यांची चूक फक्त एकच झाली होती, पण ती भलतीच होती. काठीला तोरण्या चार लागतात. रस्त्याच्या बाजूला माणूस उभा राहायला जागाच नव्हती, म्हणून पुढची तोरणी त्यांनी सोडून दिली. उरल्या तीन, सगळ्या मागं आणि बाजूला ओढणाऱ्या. आता तीन दोर ताणून ठेवायचे तर काठी पुढं कलवावी लागते, नाहीतर दोर ढिले पडतात आणि काठी मागं येऊन अंगावर पडते. त्यांच्या हातांना हे न सांगता कळत होतं. म्हणून तो पाइप पुढं झुकलेला होता. पुढं म्हणजे लाइनकडं.

भार धरलेल्या माणसावर कधी ओरडायचं नाही, हे मी टॉवरवर शिकलो. तो दचकतो आणि भार सुटतो. मी राग गिळला आणि हळू चालत बुंधा पेललेल्या दुंडाप्पाजवळ गेलो.

तेवढ्यात मागनं एकजण म्हणाला, "दुंडा, आता एकदा नाचवूया की!"

"नाचवू नका," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"तुम्ही कोण?" दुंडाप्पानं मान न हलवता विचारलं.

"मी टॉवरवाला."

"या की पावणं. बसा. तुमचं काम आम्हीच केलंय."

"बघतोय. असा उभा पाइप मी जन्मात बघितला न्हाय. आता एक सांगा, समोर त्या तारा हायत त्या किती लांब?"

"असतील पंधरा-एक फूट."

"आणि तुमच्या कमरेतला पाइप?"

"तीस."

एवढं बोलून त्यानं शेंड्यावरची नजर तारांकडं नेली. मला पुढं काही सांगावं लागलं नाही. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसला.

"काठी वेळूची असती पावणं," मी म्हटलं, "हे लोखंड हाय." खरं म्हणजे ओल्या वेळूचाही भरवसा नसतो, पण ती चर्चा करायची वेळ नव्हती.

"आयला," दुंडाप्पा हळू म्हणाला. "कुणी हलायचं न्हाय रे. नाचवायचं नाव कुणी काढलं त्याला मी बघतो नंतर."

मग माझं लक्ष गेलं काळ्या केबलकडं. ती पाइपच्या टोकापासून खाली येत होती, कठड्यावरनं लोंबत होती आणि सरळ अण्णांच्या खिडकीत गेली होती. केबल टोकाला आधीच जोडावी लागते, पाइप उभा झाल्यावर वर कोण चढणार? ते ठीक. पण खालचं टोक सेटला जोडलेलं नसावं, एवढीच मी देवाची करुणा भाकली. जोडलेलं असलं तर पाइप लाइनला लागला की वरचे चौघं आणि खाली अण्णा, एकाच झटक्यात.

जिन्याच्या दारात अण्णांची सून सविता धापा टाकत आली.

"अण्णा म्हणतायत, काठी रस्त्याकडं कलतीय. मागं घ्या म्हणतायत."

"अण्णांना कसं कळलं?" मी विचारलं.

"कानाला हेडफोन लावून बसलेत. लाइनचं चरचर वाढलंय म्हणतात."

लाइनच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसली की बारीक बारीक ठिणग्या पडत राहतात. डोळ्याला दिसत नाहीत. रेडिओवर मात्र कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येतो. अँटेना जवळ गेली की आवाज वाढतो, लांब गेली की कमी होतो. म्हणजे अण्णांनी केबल जोडली होती. आवाज कधी येतोय ह्याची घाई झालेली.

"पळ," मी म्हटलं. "त्यांना सांग, हेडफोन काढा, मागची पिन ओढा, खोलीतनं बाहेर व्हा."

ती पळाली आणि तशीच परत आली.

"काढत न्हाईत. म्हणतात, मी काढलं तर वरच्या पोरांना सांगणार कोण? आणि म्हणाले, तम्माला म्हणावं, बुडात उभा राहून शेंड्याचं अंतर कळत न्हाय. ठावं हाय का?"

ठावं होतं. हे वाक्य मी खात्यात नव्या पोरांना घोकून घेतलंय. पाइपच्या बुडाशी उभं राहून वर बघितलं की शेंडा आणि तार एकाच जागी दिसतात. मधलं अंतर हात आहे का दहा हात, काही कळत नाही. त्यासाठी एक माणूस बाजूला लांब उभा करून तो सांगेल तसं करतात. आमच्याकडं तो माणूस नव्हता. वर पूर्वेचं ऊन डोळ्यांत. डोळे असलेले आम्ही आठ-नऊ जण गच्चीवर आंधळे होतो आणि ज्याला दिसत नाही तो खाली बसून काठी बघत होता.

लाइन बंद करून घ्यायची म्हटलं तर फोन, परवानगी, सबस्टेशन, वीस मिनिटं धरायलाच पाहिजेत. आणि झुळूक सुटायला लागली होती. पाइप आहे तिथं खाली घ्यावा, तर पुढनं रोखायला तोरणी नाही. तो मागं धाडकन आला तर माणसं चेंगरणार, घसरून पुढं गेला तर लाइन. माझ्या सगळ्या शिक्षणात उभा पोल घेऊन चालायचं, असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट करायचं नाही असंच लिहिलंय. पण माझ्यापुढं जी माणसं होती ती वर्षानुवर्षं तेच करत आली होती.

"दुंडाप्पा," मी म्हटलं, "ही अशीच उभी, मागं जिन्याच्या पलीकडं नेता येईल?"

"किती पावलं?"

"सोळा-सतरा."

तो पहिल्यांदा जरा हसला. "डोंगर चढतोय की आम्ही."

सविता जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली अण्णांच्या खोलीचं दार उघडं. अण्णा आतनं ओरडणार, ती आम्हाला सांगणार. मी मोकळ्या माणसांना पाठीमागच्या वाटेवरच्या कुंड्या, कपड्यांचा स्टँड, सगळं बाजूला करायला लावलं. मग दुंडाप्पानं डावा पाय मागं टाकला.

मी टॉवरवर चढणारी माणसं बघितलीत. पंचाहत्तर मीटरवर बसून डबा खाणारी बघितलीत. पण त्या सोळा पावलांसारखं काही बघितलं नाही. पस्तीस-चाळीस किलोचं लोखंड कमरेवर, नजर शेंड्यावर, आणि पाय आपले आपण फरशी चाचपत मागं जातायत. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. दुंडाप्पाच्या खांद्याकडं बघून तिघं आपापला दोर चार बोटं सोडत होते, चार बोटं घेत होते.

"कमी झालं!" सविता ओरडली.

दोन पावलं.

"अजून कमी!"

पाचव्या का सहाव्या पावलाला वारा आला. मागनं, पश्चिमेकडनं. शेंडा पुढं गेला. मला वाटलं हातभर गेला, खरं किती ते देवाला ठाऊक.

"वाढलं!" सविता किंचाळली. "वाढलं, वाढलं म्हणतायत!"

दुंडाप्पानं काही केलं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. त्यानं फक्त टाच रोवली आणि कंबर दोन बोटं पुढं नेली. पाइपचं बूड पुढं गेलं, शेंडा मागं आला. मागचा दोरवाला त्याच क्षणी गुडघ्यावर बसला. सगळा खेळ एका श्वासात. मी तोंडात रुमाल कोंबून उभा होतो, ओरडू नये म्हणून.

खालनं अण्णांचा आवाज आता मलाही ऐकू आला. "कमीऽ! जाऊ द्या मागं!"

सोळावं पाऊल, सतरावं. जिन्याची खोली ओलांडली.

सविता म्हणाली, "आता मुंगीएवढंच राहिलंय म्हणतायत." आणि ती पायरीवरच बसली आणि रडायला लागली.

तिथं पुढं पडायला गच्चीच होती, म्हणून मागचे दोर हळूहळू सोडत आम्ही पाइप पुढं सावकाश आडवा घेतला, गच्चीच्या आतल्या आत. पाइप फरशीला टेकला तेव्हा कुणी चांगभलं म्हटलं नाही. सगळे जिथल्या तिथं बसले. दुंडाप्पानं कमरेचा पट्टा सोडला. तेवढ्यात महेश मिसळीची पार्सलं घेऊन वर आला आणि म्हणाला, "काय झालं? गप का सगळे?"

मग मात्र माझं तोंड सुटलं. महेशला सुटलं, दुंडाप्पाला सुटलं, मुरगुडाला सुटलं. पाच मिनिटं मी काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. दुंडाप्पा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "खरं हाय पावणं. पण आता शिव्या दमादमानं द्या, मिसळ गार व्हायली."

मी खाली अण्णांकडं गेलो. हेडफोन अजून कानावर. मी सेटची पिन ओढली आणि म्हटलं, "अण्णा, तुम्हाला कळतं ना सगळं? पाइप लागला असता तर पहिले तुम्ही गेला असतासा."

"कळतं की. चाळीस वर्षं मोटरी बांधल्यात."

"मग?"

"पोरं माझ्यासाठी वर चढलीती, तम्मा. आणि केबल जोडायची चूक माझी. चरचर ऐकू आल्यावर मी पिन काढून बाहेर जाऊन बसू व्हय? त्यांची काठी मला एकट्यालाच दिसत हुती."

मी त्यांच्या पायाला हात लावला. मी देवळातसुद्धा पटकन वाकणारा माणूस नाही.

दुपारी तोच पाइप, तीच माणसं, मागच्या कोपऱ्यात. ह्या वेळी रीतसर. खाली लोखंडी प्लेट आणि चार बोल्ट. पाइप उचलताना तोरण्या चार, आणि शेजारच्या गच्चीवर बाजूनं बघायला महेश उभा. उभा झाल्यावर दोरांच्या जागी चार गाय वायर, म्हणजे ताणाच्या तारा. दुंडाप्पा म्हणाला, "म्हणजे ह्या तुमच्या लोखंडी तोरण्या." मी म्हटलं, व्हय. अँटेनाच्या दोन तारा परड्याच्या दोन कोपऱ्यांत खाली ताणल्या, लाइनकडं पाठ करून. परड्यात खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा रॉड ठोकला, पाइप आणि केबल दोन्ही त्याला जोडली, वळवाचे दिवस जवळ होते म्हणून. आणि अण्णांना बजावलं की ढग गडगडला की पिन काढून खिडकीबाहेर टाकायची. हे सगळं झाल्यावर शेवटचा बोल्ट आवळला आणि चांगभलं मीच आधी ओरडलो.

लायसन्सवरचा पत्ता महेशनं आधीच बदलून घेतला होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी बोलायला अडचण नव्हती. पावणेसातला मी हजर. दुंडाप्पा आणि मंडळी रात्री परत जाणार होती, ती गेली नाहीत. सगळे त्या छोट्या खोलीत दाटीवाटीनं उभे. अण्णांनी आंघोळ करून कपाळाला विभूती लावली होती. हेडफोनऐवजी स्पीकर लावला.

सातला खरखरीतनं एक आवाज वर आला. म्हाताऱ्या माणसाचा, शांत, हिंदी-इंग्लिश मिसळलेला. कारवार. एकेकाचं नाव घ्यायला लागला आणि एकेकजण उत्तर द्यायला लागला. गोवा. सेलम. नागपूर. कुठनं कुठनं माणसं त्या तारेवर उतरत होती, आणि ती तार काल आम्ही हातानं ताणली होती. दुंडाप्पानं माझा दंड धरला. "पावणं, हे सगळं त्या पाइपातनं याय लागलंय?" त्याच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. माझ्याही होता.

हजेरी संपत आली. अण्णांचं नाव आलं नाही. अण्णांचा हात बटणावर होता, तो हळूहळू खाली आला. सविता महेशकडं बघायला लागली.

मग कारवारनं थोडा श्वास घेतला आणि म्हणाला, "अब रोज की तरह, मुरगूड. मुरगूड, आप सुन रहे हैं तो जवाब दीजिए. हम रुकते हैं."

आणि तो थांबला. नुसती खरखर. तीन महिने रोज सकाळी तो असाच थांबत होता, आणि इकडं सेट बंद होता.

अण्णांनी माइक तोंडाशी नेला. ओठ हलत होते, आवाज फुटेना. बटण दाबायचंच राहिलं. शेवटी दुंडाप्पा मागनं ओरडला, "बोला की अण्णा! त्यो माणूस थांबलाय की तिकडं!"

अण्णांनी बटण दाबलं. "मुरगूड हाजिर है," ते म्हणाले. मग म्हणाले, "कोल्हापूरहून बोलतोय. उशीर झाला. माफी."

हॅमचा नियम असा की एका वेळी एकानंच बोलायचं. बावीस वर्षं त्या नेटनं तो पाळला असेल. त्या सकाळी सगळे एकदम बोलले आणि कुणाचंच काही ऐकू आलं नाही. नुसता गलका. अण्णा त्या गलक्याकडं तोंड करून बसले होते आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

धडा विचाराल तर तो मी आधीच सांगितलाय. पोल पडला तर कुठं पडेल ते आधी बघा. एकतीस वर्षांत त्याला एक अक्षरही जोडावं लागलं नाही. आता मात्र गिऱ्हाइकाला विचारायच्या प्रश्नांच्या यादीत मी एक प्रश्न वाढवलाय. घराजवळ लाइन आहे का, किती केव्हीची, गच्ची किती लांब. आणि चौथा, तुमच्या पावण्यांत कुणी काठीवाले आहेत का? असले तर मी येईपर्यंत पाइपला हात लावू देऊ नका. मी आलो की मात्र त्यांना बोलवा.